चुलीखालच्या विटा

आमच्या लोखंडी चुलीखाली न जळणारं काहीतरी घालावं, हा निर्णय माझा. कारण मी 'सुरक्षितता' असं सांगितलं. (खरं कारण चुलीसमोरच्या लोकरीच्या बसकराखाली अकरा वर्षं लपलेलं होतं: फळ्यांवरचा ताटाएवढा काळा डाग.) ती लाकडी जमीन सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी घातलेली. ते गेल्यावर सासूबाई कास्त्रो शहरात लेकीकडे राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "रोसाउरा, बाकी काहीही मोड, पण ही जमीन सांभाळ." आणि आता रविवारी त्या हिवाळा काढायला आमच्याकडे यायच्या होत्या.

चोंची गावातल्या दुकानात माझा नवरा लौतारो सरळ पत्र्याकडे वळला.

"पत्रा तापतो आणि खालचं लाकूड हळूहळू भाजत राहतं," दुकानदार म्हणाला. "खाली सिमेंटचा बोर्ड, वर विटा. चुलीपुढे हातभर पुरे."

"दोन हात धरा," मी म्हणाले.

"बाई, चूल आहे का ज्वालामुखी?"

"आमची लाकडं फार ठिणग्या उडवतात."

लौतारोने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "द्या दोन हात. थरही दोन होऊ देत." (एवढा समजूतदारपणा. मला तिथेच शंका यायला हवी होती.)

शनिवारी धुराड्याचा पाइप वीतभर कापून चूल विटांवर चढली. डाग गाडला गेला. बसकर मी कोंबड्यांच्या खुराड्यात टाकलं आणि त्या जागेवर अकरा वर्षांत पहिल्यांदाच ताठ उभी राहिले.

रविवारी सासूबाई आल्या. विटांकडे जरा जास्तच वेळ पाहून "छान" म्हणाल्या आणि टेबलाशी किटलीतलं गरम पाणी ओतून माते, म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, पीत बसल्या.

"पाय गार पडलेत गं."

"शेगडीत निखारे घालून देते, आई."

चुलीतून फावडंभर निखारे घेऊन मी निघाले. दोन हात चालल्यावर वीतभर पायरी उतरायची, हे माझ्या डोक्याला ठाऊक होतं. पायांना कुणी सांगितलं नव्हतं. मी विटांच्या कडेवर आपटले आणि निखारे विटांच्या पलीकडे, सासऱ्यांच्या उघड्या फळ्यांवर.

सासूबाईंनी बसल्या जागेवरून किटली ओतली. धूर निवळला. खाली नवा डाग. ताटाएवढाच.

"आई, मी..."

"लागलं का तुला?"

"नाही."

"मग हे टेबल उचला जरा."

ते टेबल चाळीस वर्षांत हललं नव्हतं. सासूबाईंची सक्त मनाई होती. (झाडतानासुद्धा.) आम्ही दोघांनी उचललं. खाली परातीएवढा डाग.

"लग्नानंतरचा पहिलाच हिवाळा," सासूबाई म्हणाल्या. "यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

"बाबांना माहीत होतं," लौतारो म्हणाला. "मला सांगून गेलेत. आणि विटांखालचा डाग मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

आधी सासूबाईंना हसू फुटलं, मग मला. बसकर खुराड्यातून परत आलं (त्यात एक अंडंही निघालं) आणि नव्या डागावर बसलं.

दुसऱ्या दिवशी शेजारीण एदुविना आली. विटांवरून तिने कौतुकाने हात फिरवला.

"सुरक्षिततेसाठी घातल्या," मी घाईने सांगितलं.

"हो ना, आम्हीही त्यासाठीच घातल्यात," ती म्हणाली. "तुमचा केवढा आहे?"