मगदूम सरांच्या अळ्या

सकाळच्या चहाचा पहिला घोट घेतल्याबरोबर प्राध्यापक भरतेश मगदूम म्हणाले, "आज चहा कडू झालाय."

"चहा रोजचाच आहे," त्यांची बायको प्रियदर्शनी पोळी लाटता लाटता म्हणाली. "पेपरचं पान उलटा."

तिचं बरोबर होतं. पेपरात जयराज वीरकरचा फोटो होता. मागे त्याच्या गावचा, माण तालुक्यातला उजाड माळ, डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात प्लास्टिकचा पारदर्शक ग्लास आणि ग्लासात डासांच्या अळ्या. मैदान मारून मिळवलेली चांदीची गदा धरावी तसा त्यानं तो ग्लास धरला होता. वर मथळा होता : 'दुष्काळातला डेंग्यू शोधणारा शास्त्रज्ञ'.

मगदूम आणि जयराज एकाच गुरूंच्या हाताखाली एकाच वर्षी पीएच.डी. झाले. विषयही एकच : हवामान बदललं की डासांचं काय होतं, आणि डासांचं काही झालं की माणसांचं काय होतं. पुढे मगदूम आपल्या गावी, सांगलीच्या कॉलेजात लागले. जयराज साताऱ्याच्या कॉलेजात लागला. गुरूंनी जाता जाता दोघांत विषयाची वाटणी करून दिली, सांगलीवाल्याला पूर आणि माणवाल्याला दुष्काळ. तेव्हा मगदूमांना वाटलं होतं, की बागायत आपल्या वाट्याला आली आणि जिरायत त्याच्या. झालं उलटंच. पाणी वाढलं की डास वाढतात, हे मगदूमांनी वीस वर्षं पुराव्यानिशी सिद्ध केलं, आणि ऐकणारा प्रत्येक जण म्हणाला, "वाढणारच की!" जयराजनं दाखवलं, की पाणी संपलं तरी डेंग्यू वाढतो, कारण टँकर कधी येईल याचा भरवसा नसल्यानं लोक पिंपं भरून ठेवतात आणि डासांच्या माद्या तिथं बाळंतपणं उरकून घेतात. हे ऐकून परदेशातल्या लोकांनी त्याला विमानाची तिकिटं पाठवली.

मगदूम पान उलटणार एवढ्यात फोन वाजला. जयराजच होता.

"भरत्या, गड्या, पेपर बघितलास का? फोटो लय बेकार आलाय रं."

"छान आलाय," मगदूम म्हणाले. हा शब्द त्यांच्या घशातून बाहेर आला तो दोन्ही बाजूंनी खरचटून आला.

"बरं, मुद्द्याचं ऐक. हवामान आणि साथरोगांचं केंद्र निघणार हाय. आपल्या भागात एकच. समिती आधी तुज्याकडं येणार, मग माज्याकडं. मी त्यांच्यासंगंच सांगलीला येतो. तुज्या अळ्यांच्या जागा दाखव त्यांना. माजी पिंपं तर नुसती वळवळत्यात बघ. तुज्याकडं कसं काय यंदा?"

"आमच्याकडं विचारूच नको," मगदूम म्हणाले आणि फोन ठेवला.

विचारू नको हे खरंच होतं. त्या वर्षी सांगलीला पावसानं पाठ फिरवली होती. कॉलेज सुटल्यावर मगदूम आपल्या नेहमीच्या गल्ल्यांतून फिरले. कुंड्या कोरड्या, टायर पालथे, कूलर पुसून ठेवलेले. एका घरी तर मनुबाई नावाच्या बाईनं त्यांना हाताला धरून न्हाणीपर्यंत नेलं.

"बघा सर, हंडा उपडा घातलाय. तुमीच सांगितलं हुतं न्हवं, आठवड्यातनं एक दिवस कोरडा पाळा म्हणून? आमची अख्खी गल्ली पाळती."

"एखादी बादली वगैरे राहिली असेल, मनुबाई? मागच्या बाजूला?"

"एक थेंब सुदिक न्हाई!"

वीस वर्षं घसा कोरडा करून मगदूमांनी जी भाषणं दिली होती, ती लोकांनी ऐकली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकली होती, आणि तीही नेमकी यंदा. घरी परतताना त्यांच्या डोळ्यांसमोर सारखी जयराजची वळवळणारी पिंपं येत होती. समिती सांगलीत येईल, कोरडे हंडे बघेल, चहा पिऊन गाडीत बसेल आणि माणला जाऊन केंद्राची कोनशिला बसवेल. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात; मगदूमांना मात्र त्या संध्याकाळी आपली गच्ची फार स्पष्ट दिसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतून डासांची अंडी चिकटलेल्या कागदाच्या पट्ट्या आणल्या. गच्चीवर दोन जुने टायर, एक फुटका टब आणि एक पिंप असा संसार मांडला, पाणी भरलं आणि पट्ट्या सोडल्या. हे काही खोटं नव्हे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पाऊस पडला असता तर या अळ्या झाल्याच असत्या. आपण फक्त पावसाचं राहिलेलं काम करतोय. आणि अळ्यांचे डास होण्याच्या आत समिती येऊन जाईल, मग सगळं ओतून टाकू.

समिती आली नाही. आधी एका सदस्याचं विमान चुकलं, मग दुसऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. तारीख दोनदा पुढे गेली. मगदूम पाणी ओतून द्यायला बादली घेऊन गच्चीवर गेले, तर तिथं त्यांच्या आई, चंदनबाला, टबाशेजारी पाट टाकून बसल्या होत्या. हातात पिठाची वाटी होती.

आता, आयुष्यभर डासांवर काम करणाऱ्या या माणसाच्या घरात डास मारायला बंदी होती, हे सांगायला हवं. जैन धर्म काटेकोर पाळणाऱ्या चंदनबाला पाणी गाळून पीत, गाळण्यात काही राहिलं तर ते पुन्हा विहिरीत सोडत, आणि दिवस मावळायच्या आत जेवत. मुलगा कॉलेजात डासांचं काय करतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

"आई, तू इथं काय करतीस?"

"टबातलं पाणी आटलं हुतं बाळ. जीव तडफडत हुते. मी रोज येऊन भरती. चिमूटभर पीठ बी घालती. बघ कसं गुबगुबीत झाल्यात."

"आई, हे ओतायचंय मला."

चंदनबालांनी मुलाकडे असं पाहिलं, की मगदूमांचा बादलीवरचा हात आपोआप सुटला. "आणलंस कुणी? तू. मग आणताना काय इचार केला हुतास?"

या प्रश्नाला प्राणिशास्त्रात उत्तर नव्हतं. शिवाय खरं सांगायचं, तर अळ्या खरोखरच गुबगुबीत झाल्या होत्या. जयराजच्या फोटोतल्या अळ्या यांच्यापुढे उपाशी वाटल्या असत्या. समिती येईपर्यंत राहू दे, असं म्हणून मगदूम जिना उतरले.

पण त्या वर्षी ऊन कडक होतं, आणि उष्णता वाढली की अळीचा डास लवकर होतो, हे खुद्द मगदूमांनीच कधीकाळी छापून आणलं होतं. घरात डास दिसू लागले. प्रियदर्शनी दोन्ही हातांनी हवेत टाळ्या वाजवू लागली, आणि सासूबाई आल्या की भजन म्हणतेय असं दाखवू लागली.

"अहो, तुमचं संशोधन माझ्या पोटऱ्यांवर चाललंय," ती म्हणाली.

खालच्या मजल्यावर कडेगावचे निवृत्त सुभेदार कोंडीबा भाड्यानं राहत. ते मुंबईला लेकाकडे जाऊन आले, ते अंगात ताप घेऊनच. मगदूम विचारपूस करायला गेले.

"डेंगूच हाय म्हणतोय डाक्टर," सुभेदार खाटेवरून म्हणाले. "मुंबईचा माल. पर सर, हितं बी लय डास झाल्यात. दुश्मन कुठल्या साईडनं येतोय कळंना. वरनं हमला हुतोय असं वाटतंय."

आजारी माणूस खाली आणि डास वर. मधे फक्त एक जिना. तो धडा ते दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत. त्यांनी सुभेदारांना स्वतःची मच्छरदाणी आणून दिली, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या आणि टब ओतायचाच असा निश्चय करून जिना चढले. अर्ध्या जिन्यात फोन वाजला. समितीची तारीख पक्की झाली होती आणि ती अगदी जवळ होती. मगदूमांनी फोन खिशात टाकला. मग खाली आले.

समिती आली ती तिसऱ्या प्रहरी. बंगळूरच्या एक उंच, करड्या केसांच्या बाई प्रमुख होत्या; सोबत दोन सदस्य आणि जयराज. मगदूमांनी त्यांना सरळ गच्चीवर नेलं आणि पिंपावरची फळी बाजूला केली.

बाई वाकल्या. त्यांनी चष्मा लावला. "कोरड्या वर्षात इतक्या अळ्या? शहराच्या मध्यावर? प्रोफेसर, हे विलक्षण आहे."

मगदूमांनी जयराजकडे पाहिलं. जयराजचा चेहरा पडला होता. तो पिंपात बघत होता आणि ओठ चावत होता. वीस वर्षांत मगदूमांचे जेवढे पुरस्कार हुकले होते, ते सगळे त्या एका चेहऱ्यानं भरून निघाले.

"भरत्या, कसल्या तगड्या हायत रं," जयराज पुटपुटला. "माज्या अशा कवाच झाल्या न्हाईत."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि चंदनबाला पिठाची वाटी घेऊन वर आल्या.

"जरा बाजूला व्हा बाई," त्या प्रमुखबाईंना म्हणाल्या. "ह्यांचं खाणं राहिलंय."

"खाणं?" बाईंनी विचारलं. त्यांना मराठी बरं समजत होतं, हे त्या दिवसाचं दुर्दैव.

"व्हय. भरतेशनं कॉलेजातनं अंडी आणून सोडली तवापासनं मीच बघती ह्यांचं. त्याला कुठला वेळ हाय?"

गच्चीवर डासांचं गुणगुणणं तेवढं ऐकू येऊ लागलं. एका सदस्यानं मानेवर फाडकन चापट मारली.

"मारू नका हो!" चंदनबाला कळवळल्या. "पाहुणं म्हणून आलायसा न्हवं?"

मगदूमांना वाटलं, आता गच्चीनं दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं. जयराजचा दिवस उजाडला होता. त्यानं नुसतं हसायचा अवकाश, की केंद्र त्याचं झालं असतं.

जयराज हसला नाही. तो पुढे झाला.

"मॅडम, एक सांगू? ह्यानं नैसर्गिक जागा म्हणून दाखवली ती चूक झाली. पण ह्याच्या नैसर्गिक जागा गेल्या कुठं, ते बघा की. ह्यानं सांगून सांगून अख्ख्या गल्ल्या कोरड्या केल्या. माजं संशोधन लय गाजलं, पण माज्या गावातलं एक पिंप मला अजून कोरडं करता आलं न्हाई. चला, मी दाखवतो ती घरं."

आणि तो खरोखरच समितीला मनुबाईच्या गल्लीत घेऊन गेला. मगदूम मागून खाली मान घालून चालत होते. जयराजचा फोटो, जयराजची विमानं, इथपर्यंत ठीक होतं. आता त्याचं मन मोठं आहे, याचाही हेवा करायची वेळ आली होती.

समिती हॉटेलवर मुक्कामाला गेली, पण चंदनबालांनी जयराजला सोडलं नाही. "हाटेलात कशाला? दिवस हाय तवर जेवून घे." जेवणं झाल्यावर दोघा शास्त्रज्ञांनी पिंपातलं पाणी बादल्यांत भरलं आणि कृष्णेच्या घाटावर नेऊन सोडलं. एवढीच अट चंदनबालांना मान्य होती. जीव पाण्यात सुखरूप गेले म्हणून त्यांनी हात जोडले. नदीतल्या माशांचा विषय कुणी काढला नाही.

"जयराज, माफ कर," रिकामी बादली घाटावर ठेवत मगदूम म्हणाले. "तुझ्यावर जळत होतो रे. वीस वर्षं."

"माज्यावर?" जयराज चकित झाला. "येड्या, मी तुज्यावर जळतोय वीस वर्षं! तुला पूर हाय, नदी हाय, घरी काकू वाढतीया. मला काय? माळ आणि टँकर. तुज्याकडं पूर आल्याची बातमी बघितली की वाटायचं, ह्याला आयता विषय घरात चालत येतोय."

दोघं इतके हसले, की घाटावर कपडे धुणाऱ्या बायांनी दगडावरचे हात थांबवले.

काही दिवसांनी सुभेदार कोंडीबा बरे होऊन गल्लीत शतपावली करू लागले, आणि मगदूमांना ताप भरला. त्यांना सांगलीतल्या दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खाटेवर जयराजला आणून टाकलं. मगदूमांच्या गच्चीवरच्या डासांचा पाहुणचार त्याला असा भोवला होता. साताऱ्याऐवजी सांगलीलाच न्या, असा हट्ट त्यानं धरला होता. काकूंच्या हातची पेज मिळेल म्हणून.

तिथंच बाईंचा फोन आला. केंद्र दोघांना मिळून द्यायचं ठरलं होतं. एकानं डास शोधायचे आणि दुसऱ्यानं ते घालवायचे. संचालक कुणी व्हायचं ते तुम्हीच ठरवा, असं त्या म्हणाल्या.

"तू हो," मगदूम म्हणाले.

"छ्या! तू थोरला हायस. तूच हो."

"नाही जयराज, तुझा मान आहे."

प्रियदर्शनीनं डोळ्यांना पदर लावला. चंदनबाला म्हणाल्या, "सख्खे भाऊ सुदिक असं बोलत न्हाईत." मगदूमांना खरंच हलकं वाटत होतं. वीस वर्षांचं ओझं तापाबरोबर उतरलं होतं. जगात आता त्यांना कुणाचाही हेवा वाटत नव्हता.

एवढ्यात मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आत आले आणि मगदूमांच्या खाटेकडे ढुंकूनही न पाहता जयराजभोवती उभे राहिले. कुणी त्याची नाडी बघितली, कुणी दंडावरचे लाल ठिपके. एकीनं तर परवानगी घेऊन ठिपक्यांचा फोटो काढला.

मगदूमांनी मान उंच करून पाहिलं. मग नर्सला खुणेनं जवळ बोलावलं.

"सिस्टर, त्याच्या प्लेटलेट्स किती आहेत?"

"वीस हजारांपर्यंत उतरल्या होत्या. पण घाबरू नका, आता वाढतायत."

"आणि माझ्या?"

"तुमच्या त्यामानानं छान आहेत सर. ऐंशी हजार."

शेजारच्या खाटेभोवती घोळका वाढतच होता.

"सिस्टर," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला, "माझं रक्त परत एकदा तपासा. मशीन चुकलं असणार."