संजीवचा बारावा मणका

सत्यनारायणाच्या पूजेला यजमान उघड्या अंगानं बसतो, हे संजीवला चांगलं माहीत होतं. तरी आदल्या संध्याकाळी अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आपल्या घरी तो लेकीपुढे पाठ उघडी टाकून बसला. मुलीच्या बापाला अक्कल नसते असं नाही, पण ती वेळेवर येत नाही.

लेक नैना फिजिकल थेरपी शिकत होती. मणके आणि त्यांतून निघणाऱ्या नसा या प्रॅक्टिकलला ती एकदा आपटली होती. सोमवारी दुसरा आणि शेवटचा चान्स. त्यातही गेली तर कॉलेजातून नाव कमी. परीक्षेला आपलं माणूस न्यायचं आणि प्रोफेसरांसमोर त्याच्या पाठीवर बोटांनी चाचपून एकेक मणका ओळखायचा. आपलं माणूस म्हणजे अर्थातच बाबा.

"बाबा, डोन्ट मूव्ह. ब्रीद पण हळू कर."

तिनं मानेपासून कमरेपर्यंत मणक्यांना नंबर घातले आणि कुठली नस कुठल्या कातडीला जाते त्याचे पट्टे पार पोटापर्यंत ओढले. काम सुबक झालं. फक्त मार्कर बायकोचा, सुनेत्राचा होता, फ्रीझरमधल्या डब्यांवर 'आमटी', 'पुरण' लिहायचा. वर्षभर बर्फात राहून जो पुसला जात नाही, तो साबणाला काय भीक घालणार?

"उपरणं घट्ट धर," सकाळी सुनेत्रा नवऱ्याला म्हणाली. "आणि वाकू नकोस."

"पूजा आहे गं. देवाला काय लांबून हात हलवू?"

पहिल्याच नमस्काराला गुरुजी म्हणाले, "यजमान, नीट वाका." संजीव वाकला आणि उपरणं घसरलं. मागे चाळीस माणसं बसली होती. ती देवाकडे बघत होती असं त्यानंतर म्हणता येणार नाही.

"अगं बाई, हा खालून तिसरा पट्टा," शेजारच्या उपासनामावशी म्हणाल्या. "अगदी इथेच दुखतं मला. संजीव, जरा डावीकडे वळतोस?"

संजीव वळला. मग ज्याला जिथे दुखत होतं तो तिथे बोट ठेवून आपली नस शोधू लागला. गुरुजी आधी चिडले. नंतर त्यांनीही पोथीतून मान वर काढून विचारलं, मांडी घातली की मुंग्या येतात ती नस यात कुठे आहे.

"ती सोवळ्याच्या आत आहे, गुरुजी," नैना म्हणाली.

तेवढ्यात विक्रमकाका उठले. नागपूरला चाळीस वर्षं हाडांचे डॉक्टर, आता मुलाकडे राहायला आलेले. अमेरिकेत त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, त्यामुळे ते तयारीतच होते. चष्मा लावून त्यांनी यजमानाच्या पाठीवरचे आकडे वाचले.

"बरगड्यांचे मणके बारा असतात. हिनं अकराच काढलेत. एक कमी आहे."

"काका, मी बोटांनी काउंट केलेत. बाबांचे अकराच लागतात."

"बाळ, पुस्तकात बारा आहेत. जगात बारा आहेत. तुझ्या बापाचंच काय वेगळं असणार?"

सगळ्यांना हे पटलं. माणूस वयानं मोठा, त्यातून डॉक्टर. चाचपून बघायची गरज कुणालाच वाटली नाही, काकांनाही नाही. सुनेत्रा लेकीच्या कानात पुटपुटली, "काका म्हणतायत ना, मग बारा कर." नैनाचे डोळे भरून आले. एकदा नापास झालेल्या मुलीचा आपल्या बोटांवर किती विश्वास असणार? तिनं तोच मार्कर आणून कथेच्या चौथ्या अध्यायात बापाच्या पाठीत बारावा मणका घुसवला.

रविवारभर सुनेत्रानं खोबरेल लावून नवऱ्याची पाठ खरवडली, तेव्हा कुठे आकडे गेले. सोमवारी कॉलेजकडे ड्राइव्ह करताना संजीवनं हळूच विचारलं, "तुझ्या बोटांना किती लागतात?"

"अकरा."

"मग अकराच सांग. पाठ माझी आहे, काकांची नाही."

तिनं अकरा सांगितले. प्रोफेसरबाईंनी स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं, दुसऱ्या प्रोफेसरांना बोलावलं आणि शेवटी संजीवचा एक्स-रे काढून आणायला सांगितलं. अकराच निघाले. क्वचित कुणाचे असतात म्हणे. बाई नैनाला म्हणाल्या, "बाकीचे आठवून सांगतात. यू काउंटेड." नैना पास झाली आणि पार्किंग लॉटमध्ये बापाच्या गळ्यात पडून रडली.

पुढच्या शनिवारी पेढ्यांना सगळे जमले. विक्रमकाकांनी बातमी ऐकली आणि ते खुर्चीत मागे रेलले.

"मी पहिल्याच नजरेत सांगितलं होतं, एक कमी आहे म्हणून. अनुभव लागतो त्याला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीनं तिथल्या तिथे काकांचं व्याख्यान ठरवून टाकलं. शाल-श्रीफळही ठरलं. सुनेत्रानं लेकीकडे बघून डोळ्यांनीच दटावलं, की काही बोलू नकोस. नैना बोटं पुसून काकांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"काका, शर्ट काढून जरा वाकता? तुमचे मोजते."

काका घाईघाईनं उठले. मुलगा बाहेर गाडीत खोळंबलाय, असं म्हणत ते दाराकडे निघाले. मुलगा शेजारच्याच खुर्चीत बसून दुसरा पेढा खात होता.