मॅडमचं पातेलं

"दोन खोल्यांचं तर घर! बारापर्यंत रिकामं करते की नाही, बघाच!"

तियोंगेने हेडमास्तर गोंडवेंना असं ठणकावलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. आई जाऊन तीन आठवडे झाले होते. सुट्टी संपून आज शाळा उघडत होती आणि आईला शिक्षिका म्हणून मिळालेलं शाळेचं हे घर नव्या बाईंना हवं होतं. बाराला पिकअप, संध्याकाळी ब्लांटायर शहर, उद्या बँकेत हजर!

नऊपर्यंत निम्मं सामान वाटून झालं. रेडकू बसेल एवढं पातेलं शेजारच्या एनेलेस मावशींनी डोक्यावरून नेलं. एकट्या बाईला एवढं पातेलं कशाला? फोन केला की आईचं ठरलेलं, "चुलीवर पेज आहे गं, नंतर करते." एका बाईला पेज लागते तरी किती! तो नंतरचा फोन तर कधी यायचाच नाही. आई टाळते, असंच तियोंगे धरून चालली होती.

दहाला मागच्या दारी गलका! पेले घेतलेल्या पोरांची रांग, पार आंब्यापर्यंत.

"काय पाहिजे?"

"पेज," पुढची फात्सानी म्हणाली. "पीठ कोपऱ्यात, साखर वरच्या फळीवर. तुम्हाला ठाऊक नाही?" आणि तिने तियोंगेला नजरेनेच नापास केलं.

एकशे बारा पोरं! तियोंगे मावशींकडे धावली. पातेल्यात मावशींनी ओतलेली मक्याची दारू फसफसत होती!

"मावशी, पातेलं द्या!"

"दिलेलं परत मागतेस? तुझ्या आईने असं कधी..."

"पोरं उपाशी आहेत!"

"मग आधी बोलायचं ना, बये!" दारू ओतून ठेवायला मावशींनी आळीतल्या सगळ्या बादल्या गोळा केल्या.

पातेलं तीनदा घासून चुलीवर चढलं. आईचा लाकडी डाव एकाच बाजूने झिजलेला होता.

"लागतंय खाली!" फात्सानी ओरडली. "गोल नाही, आडवं! मॅडम आडवं ढवळायच्या!"

तियोंगेने डाव आडवा धरला. झिजलेली कड तळाला बरोब्बर बसली. तिने बाहीने डोळे पुसले. धूर फार होता.

तीन घासण्यांनंतरही वास राहिलाच. गोंडवे सरांनी चव घेतली, डोळे मिटले आणि पेला पुन्हा पुढे केला.

पिकअप आला, हॉर्न वाजवून वाजवून गेला. पाठोपाठ बँकेतून साहेबांचा फोन.

"उद्या येताय ना?"

"सर, चुलीवर पेज आहे. नंतर करते."

आणि अगदी आईसारखंच, तिनेही तो फोन नंतर केला नाही.