राजाभाऊंचा दुसरा मास्क

"मंडळी, करोना हा आता सर्दीपडशासारखाच एक आजार झाला आहे," हे वाक्य विश्राम देवकुळ्यांनी आरशासमोर हात उंचावून म्हटलं आणि त्यांना शिंक आली. एकीनं भागलं नाही. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली, आणि स्वयंपाकघरातून नयनाताईंचा आवाज आला, "सकाळपासून सात झाल्या. मी मोजतेय."

रविवारची सकाळ होती. चंदीगडातल्या मराठी बिऱ्हाडांचं जे छोटंसं सह्याद्री मित्रमंडळ होतं, त्याची दोन वर्षांनंतरची पहिली सभा बारा वाजता भरणार होती. सभेत परिसंवाद ठेवला होता: करोनाला आता संकट मानायचं की नेहमीचा आजार? शेवटी हात वर करून ठराव व्हायचा होता. तेव्हा हा वाद घरोघरी चालू होता. टीव्हीवर डॉक्टर डॉक्टरांशी भांडत होते आणि सेक्टर सतरातल्या विश्रामरावांच्या ऑफिसात कारकून साहेबांशी. विश्रामराव अर्थातच 'नेहमीचा आजार' या बाजूचे. नुसते बाजूचे नव्हे, तर पुढारी. भाषण त्यांनी आठ दिवस घासूनपुसून तयार केलं होतं.

"टेस्ट केल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही," नयनाताई पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. मंडळासाठी पस्तीस माणसांचा मसालेभात गॅसवर होता.

"अगं, मी आज या टेस्टांच्याच विरुद्ध बोलणार आहे!"

"बोला की. टेस्ट करून बोला."

कपाटात जानेवारीत आणलेलं किट पडलं होतं. अकरावीतल्या अश्लेषानं वडिलांच्या नाकात काडी फिरवली आणि पंधरा मिनिटांनी पट्टी टेबलावर ठेवली. दोन रेघा उमटल्या होत्या. दुसरी तर पहिलीहून ठसठशीत.

"किट जुनं झालं असेल," विश्रामराव म्हणाले.

अश्लेषानं खोका उलटा करून वाचला. "नेक्स्ट इयर तक चलेगा, पापा."

विश्रामराव मटकन पलंगावर बसले. भाषण गेल्याचं दुःख होतंच, पण खरी पंचाईत राजाभाऊंची होती.

राजाभाऊ टिळेकर हवाई दलातून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. तीस वर्षांचा मुक्काम. विश्रामराव तीन वर्षांपूर्वी सांगलीहून बदलून आले तेव्हा गॅसच्या जोडणीपासून अश्लेषाच्या शाळेपर्यंत सगळं याच माणसानं धावून धावून करून दिलं होतं. गेल्या वर्षी एप्रिलच्या लाटेत त्यांच्या पत्नी, इंद्रायणीवहिनी, गेल्या. तेव्हापासून राजाभाऊंनी कुणाच्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं. कुठे दिसलेच, तर तोंडावर एकावर एक दोन मास्क. आता ते नाशिकला मुलीकडे, क्षितिजाकडे, कायमचे निघाले होते. सोमवारी सकाळची गाडी. आजच्या सभेत त्यांचा निरोपसमारंभही होता, आणि ते यायला तयार नव्हते.

गुरुवारी विश्रामराव त्यांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. राजाभाऊ आत व्हरांड्यात, मध्ये दहा पावलांचं अंतर.

"राजाभाऊ, आता काही राहिलं नाही हो त्यात. माझ्या शब्दावर या. माझ्या शेजारी बसा."

राजाभाऊंनी वरचा मास्क सारखा केला आणि ते म्हणाले, "तू म्हणतोस म्हणून येतो. तू असशील ना?"

"म्हणजे काय! मी नसेन तर सभा कसली?"

तर आता सभा होती, राजाभाऊ येणार होते, आणि शेजारी बसणारा गडी दोन रेघांचा मालक होऊन बसला होता.

"सुबोधला फोन करा आणि खरं ते सांगून टाका," नयनाताई म्हणाल्या. सुबोध हा मंडळाचा सेक्रेटरी, बँकेतला उत्साही तरुण.

"खरं काय सांगू? मलाच झाला म्हणून? सहा महिने हसतील लोक. आणि राजाभाऊ तर दारातूनच परत फिरतील."

"पापा," अश्लेषा दारातून म्हणाली, "आपकी स्पीच में ही तो है, कि इसमें छुपाने का क्या है."

आपलं वाक्य आपल्याच पोरीनं असं तोंडावर मारावं, याचा विश्रामरावांना राग आला. रागाच्या भरात माणूस शहाणपणा करतो असं कुणी ऐकलेलं नाही. त्यांनी सुबोधला फोन लावला आणि आवाज क्षीण करून सांगितलं, "पोट बिघडलंय रे. काल छोले-भटुरे खाल्ले."

"अरेरे! मग काकूंचा मसालेभात तरी पाठवा."

"तोही बिघडला," विश्रामरावांच्या तोंडून निघून गेलं. नयनाताईंनी वाफाळत्या पातेल्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"असू दे, असू दे. पण भाषण फुकट जाता कामा नये काका. फोटो काढून पाठवा, मी वाचतो. अगदी तुमच्या स्टाइलनं!"

विश्रामरावांना जरा बरं वाटलं. त्यांनी चारही पानांचे फोटो काढून धाडले आणि काढा पीत पडून राहिले. साडेबाराला अंगात कसकस वाढली, डोळा लागतोय न लागतोय तोच ते ताडकन उठून बसले.

तिसऱ्या पानावरचं ते वाक्य!

भाषण लिहिलं तेव्हा राजाभाऊ येतील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे श्रोत्यांना एक हशा असावा म्हणून त्यांनी लिहून ठेवलं होतं: 'आपल्याच ओळखीचे एक गृहस्थ एकावर एक दोन मास्क लावतात. पहिला करोनासाठी, आणि दुसरा बहुधा पहिल्याला करोना होऊ नये म्हणून!' गुरुवारी फाटकावरून परततानाच त्यांनी ठरवलं होतं की हे खोडायचं. तालमीत ते गाळायचेही. पण कागदावर ते तसंच राहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, शिवाय खाली रेघ मारून, म्हणजे तिथे आवाज चढवायचा.

त्यांनी सुबोधला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. नऊ वेळा केला. सेक्रेटरी व्यासपीठावर असला की फोन मुका करतो, हा नियमही विश्रामरावांनीच घालून दिलेला होता. पावणेदोनला सुबोधचा मेसेज आला: 'काका, भाषण तुफान! मास्कवाल्या वाक्याला वन्समोअर मिळाला. ठराव बत्तीस विरुद्ध शून्य. राजाभाऊंनी फक्त हात वर केला नाही. आम्ही येतोय.'

"येतोय म्हणजे?" विश्रामराव ओरडले.

येतोय म्हणजे येतोय. परमुलखात मराठी माणूस आजारी पडला तर त्याला एकटं पाडायचं नाही, सगळ्यांनी डबे घेऊन जायचं, ही मंडळाची रीत. आणि इथे सगळ्यांचं सगं कोण, तर मंडळच. पोट बिघडलं म्हटल्यावर कुणाला भीती वाटायचं कारणच नव्हतं.

तीन वाजता जिन्यात पावलं वाजली. विश्रामराव निजायच्या खोलीत घुसले आणि त्यांनी आतून कडी लावली. नयनाताईंनी मास्क चढवून दार उघडलं. आठजण आत आले. कुणाच्या हातात मऊभात, कुणाच्या हातात ताक, कुणी डाळिंबं आणलेली.

"काकू, मास्क कशाला?" सुबोधनं विचारलं.

"जाळी झाडत होते."

"मसालेभाताचा काय खमंग वास येतोय हो! बिघडला म्हणाले ना काका?"

"ज्याला त्याला बिघडलेलंच कळतं," नयनाताई म्हणाल्या, आणि याचा अर्थ काय या विचारात सुबोध सोफ्यावर बसला.

"काका, बाहेर या की!"

"मी... बाथरूममध्ये आहे," आतून आवाज आला. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

इतक्यात नवव्या माणसाची पावलं आली. सावकाश, एकेक पायरी मोजत. राजाभाऊ दारात उभे होते. तोंडावर दोन मास्क, हातात स्टीलचा डबा. एका वर्षात ज्या माणसानं कुणाचा उंबरा ओलांडला नाही, तो विश्रामच्या पोटात दुखतंय म्हणून दोन मजले चढून आला होता. वन्समोअर दिलेले लोक छताचा पंखा पाहू लागले.

राजाभाऊ सरळ निजायच्या खोलीच्या दाराशी गेले. "विश्राम, दार उघड रे. लिंबाचं मुरलेलं लोणचं आणलंय, पोटाला बरं. इंद्रायणीच्या हातचं आहे, शेवटचं."

आत विश्रामराव दाराला पाठ लावून उभे होते आणि त्यांना दरदरून घाम फुटला होता. तो तापाचा नव्हता.

"उद्या निघालो बघ. परत कधी गाठ पडेल, सांगता येत नाही. तुझ्या शब्दावर सभेला गेलो, तू भेटला नाहीस. म्हटलं, जाऊन कडकडून भेटून यावं. तुमचा ठराव झालाय ना आता? मग मीही मास्क काढूनच भेटतो. उघड."

राजाभाऊंचा हात कानाकडे गेला.

"राजाभाऊ, नको!" नयनाताई किंचाळल्या. आणि त्याच क्षणी आतून विश्रामराव ओरडले, "काढू नका! मला करोना झालाय!"

पुढचं अर्धं मिनिट त्या घरानं जे पाहिलं ते सांगायला हवं. दोन तासांपूर्वी करोनाला सर्दीपडसं ठरवणारे आठही जण उभे राहिले. जे हात ठरावासाठी वर गेले होते ते आता नाकातोंडावर गेले. "काकू, मला जरा बँकेत..." असं सुबोध रविवारी दुपारी म्हणाला आणि एक स्वतःची आणि एक दुसऱ्याची चप्पल घालून जिना उतरला. डबे राहिले. डाळिंबं राहिली. एकजण दार ओढून घ्यायलाही विसरला नाही, कोपरानं.

उरले फक्त राजाभाऊ. त्यांनी गॅलरीचं दार सताड उघडलं, एक स्टूल ओढलं आणि बंद दारापासून चार हातांवर बसले.

"तुम्हीही जा, राजाभाऊ," विश्रामराव रडवेल्या आवाजात म्हणाले.

"जाईन की. मी तयारीनिशी आलोय, माझी काळजी नको करू. ताप किती?"

"शंभर. राजाभाऊ, ते वाक्य... मी खोडणार होतो हो. देवाशपथ खोडणार होतो."

"कुठलं? ते दोन मास्कचं?" राजाभाऊ म्हणाले. "बरं होतं. लोक हसले. दोन वर्षांत एवढ्या माणसांचं हसणं मी ऐकलं नव्हतं."

आत विश्रामरावांनी कपाळाला हात लावला.

"निम्मं तर बरोबरच लिहिलंयस. पहिला करोनासाठी. वरचा इंद्रायणीनं शिवलेला. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मशीन काढून बसली होती, आठवतं? तिच्या हिरव्या इरकलीचे बारा शिवले. अकरा वाटले सगळ्यांना. तुलाही दिला होता. करोना काय अडणार आहे त्यानं? पण बाहेर पडताना लावला की ती बरोबर असल्यासारखं वाटतं, बस." ते उठले. लोणच्याचा डबा त्यांनी स्टुलावर ठेवला. "तिलाही पहिले दोन दिवस सर्दीच होती रे. मीच म्हणालो होतो, सर्दी आहे, बाऊ करू नकोस. तू भाषणात घातलंस ना, तेच वाक्य."

पावलं जिना उतरून गेली. विश्रामराव दाराआड जमिनीवर बसले आणि त्यांना रडू आलं. करोना नेहमीचा आजार आहे की नाही याचं त्यांना आता काही देणंघेणं उरलं नव्हतं. शब्द देऊन बोलावलेल्या माणसाचं आपण भर सभेत हसं केलं, एवढंच त्यांना कळत होतं.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर सुबोधची सूचना आली: 'पुढील सभा ऑनलाइन. आजचा ठराव तूर्त स्थगित.' विश्रामरावांनी ती वाचलीही नाही. ते दाराआडून विचारत होते, "नयना, तो हिरवा मास्क कुठे आहे? इंद्रायणीवहिनींनी दिलेला?"

दोघी मायलेकींनी कपाटं उपसली. शेवटी अश्लेषाला तो स्कूटरच्या डिकीत सापडला. वर्षभर सीट पुसून त्याला काळा डाग पडला होता. तिनं तो चिमटीत धरून दाराखालून सरकवला. "पापा, यही है?" विश्रामरावांनी तापल्या अंगानं तो साबणानं तीनदा धुतला. डाग गेला नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता घराखाली टॅक्सी थांबली. राजाभाऊ स्टेशनच्या वाटेवर होते. ते उतरले आणि वर पाहू लागले. विश्रामराव गॅलरीत उभे होते. आधी साधा पांढरा मास्क आणि त्यावर हिरवी इरकल, लाल काठाची, डाग असलेली.

राजाभाऊ बघतच राहिले. मग खालून त्यांनी हाक दिली, "काय रे विश्राम, दुसरा कशाला? पहिल्याला होऊ नये म्हणून?"

आणि ते हसले. दोन मास्कांच्या आडूनही ते हसणं वरपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

विश्रामरावांना पुष्कळ बोलायचं होतं. चार पानं भरतील एवढं. त्यांनी नुसते हात जोडले. राजाभाऊंनी हात हलवला, गाडीत बसले आणि टॅक्सी चौकातून स्टेशनकडे वळली.

"आत या, वारं आहे," नयनाताई दाराआडून म्हणाल्या. पण रस्ता रिकामा झाला तरी विश्रामराव दोन्ही मास्क लावून तिथेच उभे होते.