बेंगळूर मुक्कामीं गुरुत्वाकर्षणाचें तख्त राखिलें त्याची हकीकत

सूर्यचंद्रांची साक्ष ठेवून लिहिलें ऐसें जे, शके १९१७ युवानाम संवत्सरीं बेंगळूर मुक्कामीं आइन्स्टाईनाच्या तख्तास जो हादरा बसला आणि तो कैसा निवारिला, तें नमूद असावें. नाहीं तर पुढील पिढ्या सुखानें झोपा घेतील.

आकाशीं दोन मेलेले तारे, काया बेंगळूर शहराएवढी आणि वजन सूर्याहून अधिक, हात धरून फुगडी घालीत, आणि त्यांतील एक स्वतःभोंवतींच्या दर गिरकीस रेडिओलहरींचा ठोका देई. ठोक्यांवरून फुगडीची चाल ताडावी आणि मग गुरुत्वाकर्षणाचा कोणता कायदा खरा तें ठरवावें, ऐसी मसलत. तीवर नागपूरकर सुखदाबाई, पीएचडीच्या उमेदवार, तैनात होत्या. सरदार प्राध्यापक नरसिंहराव, स्वतःच्या नव्या सिद्धांताचे एकमेव अनुयायी.

आषाढमासीं ठोके अकस्मात उशिरां येऊं लागले, आणि नरसिंहरावांस परमहर्ष जाहला, आणि मग फर्मान सुटलें कीं आइन्स्टाईन पदच्युत, आमचा सिद्धांत तख्तनशीन, बाईंचा प्रबंध याच फत्तेवर उभा करावा. म्हैसूरपाक वांटिला. बाईंचें मन मोगऱ्यासारखें उमललें.

परंतु त्याच दुर्बिणीच्या नजरेंत एक सडाफटिंग तारा होता. ना जोडीदार, ना फुगडी. बाईंनीं त्याचे ठोके तपासिले, तों त्यासही तेवढाच उशीर! एकट्यास कोण ओढितें? दगा आकाशीं नव्हे, घरींच. उशीर खोटा तर प्रबंधही बुडाला, हें उमगूनही बाई घड्याळखान्यावर चालून गेल्या. तेथील अंमलदार बेळगांवकर नागराज.

"अक्का, घड्याळ मागं पडल्यासारखं वाटलं. नरसिंहराव साहेबच बोलले, स्वल्प अडजस्ट माडी. केलं की!"

"स्वल्प म्हणजे किती हो अण्णा?"

"स्वल्प म्हणजे स्वल्पच की हो."

माडी, म्हणजे करा; आणि स्वल्प, म्हणजे थोडेंसें. या स्वल्पावर हें शहर बसगाड्यांत, रिक्षांत आणि संसारांत सुखेनैव चालतें. परंतु सेकंदाचे लाखावे भाग मोजणाऱ्या फौजेंत तो शिरला आणि विश्वाचा कायदा बदलला.

नरसिंहरावांनीं ऐकून घेतलें आणि आज्ञा केली कीं व्याख्यान ठरलें आहे, सबब प्रबंधांतही स्वल्प अडजस्ट करावें.

बाई म्हणाल्या, "सर, आधीचं अडजस्ट निस्तरते आहे. दुसरं नको."

मग सरदारांची मर्जी गेली, आणि बाईंनीं घड्याळाची चूक वजा करून सारे ठोके नव्यानें बसविले, आणि वर्ष गेलें, आणि परीक्षकांनीं पदवी बहाल केली. निकाल एवढाच कीं जुन्या कायद्यांत फरक आढळला नाहीं.

वडिलांनीं नागपुराहून फोनवर पुसिलें, "पण बेटा, शोध काय लागला?"

"काहीच बिघडलेलं नाही, बाबा."

ही फत्ते दप्तरीं दाखल केली.