उताणी पाखरं

टोपी साहेबांच्या डोक्यावर चढली आणि चार दिवस माहेरी आलेल्या वन्सं पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"अगं वहिनी, ही पाखरं मेलीत की काय? सगळी उताणी पडलीत!"

वहिनींनी नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. थंडी सुरू झाल्यापासून त्यांचा नेम होता. सकाळचा जप आटोपला की खिडकीतून आकाश बघायचं आणि दिसेल तेवढं टोपीत उतरवायचं. खाली केशरी उजाडणं, मध्ये पांढरी पाखरं, वर गडद निळ्यात उरल्यासुरल्या चांदण्या. एका ओळीत दोन-दोन रंगांची लोकर चालवूनही मागे एक धागा लोंबकळत नव्हता. फक्त टोपी त्यांनी शेंड्याकडून सुरू केली होती. विणताना शेंडा मांडीवर, म्हणून चित्र अगदी सुलट दिसायचं. आता मात्र उजाडलं टाळूवर, चांदण्या आल्या कानांवर आणि पाखरांचे पाय आभाळाला.

सगळ्या घराला विणकाम शिकवलं ते वन्संनी. त्यांनी निकाल दिला, "उसव. मी आहे तोवर काठापासून घालून देते."

"वन्सं, एकेक टाका देवाचं नाव घेऊन घातलाय," वहिनी हळूच म्हणाल्या. "नाव कसं उसवू?"

"आणि लोक हसले म्हणजे?"

"कोण हसतंय ते बघतोच!" साहेब गरजले आणि टोपी घालूनच कामाला निघाले.

साहेब हे काही त्यांचं पद नव्हे. मान कधी कोणापुढे लवली नाही, म्हणून इमारतीने दिलेलं नाव. लिफ्टमध्येसुद्धा ते माणसांऐवजी मजल्यांचे आकडे बघत.

फाटकाशी वॉचमन हसला. "साहेब, पाखरं उलटी झालीत."

साहेबांनी ताडकन टोपी काढली, शेंडा खाली करून त्याच्यापुढे धरली. "नीट बघ. उडताहेत की नाही?"

वॉचमनने पाखरं पाहिलीच नाहीत. साहेबांनी आपल्यापुढे टोपी काढली, एवढंच त्याला दिसलं. मग चहावाल्यापुढे टोपी निघाली, ऑफिसात शिपायापुढे निघाली, जिन्यात झाडूवालीपुढेही निघाली. बायकोच्या हाताची लाज राखायची म्हणजे प्रत्येकाला पाखरं सुलट दाखवणं आलंच.

संध्याकाळी दारावरची बेल वाजली. शेजारीण सफरचंदं घेऊन उभी. "वहिनी, धीर सोडू नका. डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

"लपवू नका हो. साहेबांनी माझ्यापुढे टोपी काढली! माणूस असा एकाएकी निवळतो तो कधी, ते कळतं आम्हाला."

मागोमाग वरच्या मजल्यावरचे काका संत्री घेऊन आले. तेवढ्यात साहेबच आले. एका दंडाला वॉचमन, दुसऱ्याला ऑफिसातला शिपाई.

"सोडा मला! मी ठणठणीत आहे!"

"असंच म्हणतात हो शेवटी शेवटी," काका पुटपुटले.

साहेबांनी चिडून टोपी काढली. "अहो, मी फक्त ही पाखरं…"

सगळ्यांचे डोळे पाणावले.

त्यांना समजावून वाटेला लावता लावता दिवेलागण झाली. फळं मात्र कोणी परत घेतली नाहीत. जाताना शिपाई वहिनींना म्हणाला, "बाई, पाखरं खरंच उडताहेत. साहेबांनी दिवसभर तुमचंच कौतुक सांगितलं." देवापुढे दिवा लावताना वहिनींची मान, देव क्षमा करो, जरा ताठच होती.

वन्सं सफरचंद चिरत भावाकडे बघत बसल्या होत्या.

"अरे, तू तर आईपुढेसुद्धा कधी वाकला नाहीस."

"वाकलो कुठे? टोपी दाखवत होतो."

"सुलट असती तर दाखवावी लागली असती का?"

साहेब संत्रं सोलू लागले.

"वहिनी, लोकर उरलीय का गं?"

वहिनींनी टोपी उचलून छातीशी धरली. "उसवायची नाही हं वन्सं."

"उसवायला कोण सांगतंय?" वन्संनी सुरी खाली ठेवली. "आमच्याकडच्यांनाही एक विण. अशीच, शेंड्याकडून. मी शिकवत नाही, तूच विण."

वहिनींनी सुया हातात घेतल्या, ओठांत नाव घेतलं आणि विचारलं, "माप?"

"डोकं याच्यासारखंच. पण काठ जरा सैल ठेव. पटकन निघायला हवी."