दिवे गप्प करणारे अण्णा

आमच्या गल्लीतले अण्णा कुणाकडे आले, की आधी त्यांचा ट्रान्झिस्टर घरात शिरतो, मग अण्णा. त्यावर स्टेशन लावलेलं नसतं, नुसती खरखर असते. ट्यूबलाइटपाशी नेल्यावर ती वाढली, की अण्णांचे डोळे चमकतात. "वैनी, तुमचा चोक बोंबलतोय की! दिवा उजेड द्यायला हाय, बोलायला न्हाय."

अण्णांनी जन्मभर जयसिंगपुरात साड्या विकल्या. विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. दुकान मुलाकडे सोपवलं आणि हा नाद लागला. सुरुवातीला स्वतःच्याच घराचा फ्यूज इतक्यांदा उडवला, की वायरमननं हात जोडले, "अण्णा, साड्याच बऱ्या हुत्या!"

पण गडी हटला नाही. आता ते चोकच्या वायरीत फेराइटचं, चुंबकासारखं काळं कडं ओवतात, एक चिमुकला कपॅसिटर जोडतात, ट्यूबच्या पट्टीच्या पत्र्याला अर्थिंग देतात. आच बंद केल्यावर उतू जाणारं दूध खाली बसावं, तशी खरखर बसते. दरवेळी मी थक्क होऊन बघत राहते.

यंदा मात्र चैत्राचं हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी, डाळ भिजत घालायची राहिलेली, आणि अण्णा माझ्या दिवाणखान्यात स्टुलावर.

"अण्णा, सरळ एलईडी लावून टाकते."

"हलकी घ्याल तर तीबी वराडंल."

"वराडू दे की! रेडिओ ऐकतंय कोण इथं?"

अण्णा स्टुलावरून उतरले. "रेडिओचं न्हवं, वैनी. आमच्या हिच्या कानात मशीन हाय न्हवं? असल्या दिव्याखाली बसली, की त्यात भुंगा घुमतोय. शेजारचीचं बोलणंबी कळत न्हाय. मग कुटं जातच न्हाय ती. बायका म्हणत्यात, लई शिष्ट हाय."

मी पुढं होऊन स्टूल घट्ट धरलं.

दुसऱ्या संध्याकाळी हळदीकुंकवाला अण्णांच्या घरच्या अक्का आल्या. नेमक्या ट्यूबखाली बसल्या. गप्पा सुरू झाल्या तसा त्यांचा हात कानाकडे गेला. भुंगा घुमला की काय! त्यांनी पदर मागे सारला नि समोरचीला म्हणाल्या, "आगं, तसं न्हवतं झालं ते. थांब, मी सांगते." मग त्यांना आवरणं कुणाला जमेना.

बऱ्याच वेळानं अण्णा दारात येऊन उभे. "जेवायचं हाय की न्हाय?"

"आमटी चुलीवर हाय. घ्या वाढून," अक्का मागे न बघताच म्हणाल्या.

एकट्यानं जेवायला इतक्या आनंदात निघालेला माणूस मी तरी कधी पाहिला नव्हता.